डिझाइन डिस्ट्रिक्टमधला गाळा: सही करण्याआधी काय काय मोजायचं?

गुण्या (धागाकर्ते)

फर्निचर, दिवे, कापड, सिरॅमिक, फॅशन अशी दुकानं आणि स्टुडिओ चार-सहा गल्ल्यांत दाटीने वसले की त्या भागाला डिझाइन डिस्ट्रिक्ट म्हणायची पद्धत आहे. मिलानचा ब्रेरा, हेलसिंकीचा २००५ पासूनचा, मायामीचा, दुबईचा डी३ (दुबई डिझाइन डिस्ट्रिक्ट). गावं निराळी, पण गाळा घेताना होणाऱ्या चुका थोड्याफार त्याच. म्हणून हा धागा. ज्याचं जे काम त्याने त्याबद्दल लिहावं. आकडे द्या. 'लोकेशन महत्त्वाचं' छापाचे प्रतिसाद नकोत.

सुरुवात फ्रंटेजपासून, म्हणजे गाळ्याच्या दर्शनी रुंदीपासून करतो. भाडं चौरस फुटावर सांगितलं जातं, पण सगळे चौरस फूट सारख्या मोलाचे नसतात. ब्रिटनमध्ये दुकानांचं मूल्यांकन करताना 'झोन ए' पद्धत वापरतात. रस्त्यालगतचे पहिले २० फूट पूर्ण धरायचे, पुढचे २० फूट अर्धे आणि त्यापुढचे २० पाव. आता दोन गाळे घ्या, दोन्ही ९६० चौ. फुटांचे.

पहिला १६ फूट रुंद, ६० फूट खोल: ३२० + १६० + ८० = ५६०.
दुसरा ३२ फूट रुंद, ३० फूट खोल: ६४० + १६० = ८००.

क्षेत्रफळ एकच, पण दुसरा जवळजवळ ४३ टक्के जास्त मोलाचा. दोन्हींचा दर सारखा सांगत असतील तर पहिल्यात तुम्ही मागच्या अंधारालाही दर्शनी भागाचं भाडं देताय. घासाघीस करताना हे गणित कागदावर मांडून दाखवा.

रुंदीही दोन खांबांमधली, निव्वळ काचेची मोजा. नकाशातल्या ३२ फुटांतून खांब, शटरचे गाईड, फायर होजची पेटी आणि वरच्या मजल्याचा जिना वजा जाता २२ फूटच उरतात, असं सर्रास होतं.

---

बारीक_अक्षरं

त्याआधीची पायरी: भाडं कोणत्या क्षेत्रफळावर लावलंय? चार्जेबल (सामाईक जागेचा वाटा धरून भाडं लावलेलं) १००० चौ. फूट आणि आतलं कार्पेट (प्रत्यक्ष वापरायचं) ६५० असेल, तर कार्पेटचा खरा दर सांगितलेल्या दराच्या १.५४ पट पडतो. दोन गाळ्यांची तुलना कायम कार्पेटवर करा, आणि लेझर मीटरने मोजलेला आकडा नकाशासकट कराराला जोडा.

भाडेमुक्त काळाबद्दल. '६० दिवस रेंट फ्री' ऐकून लोक खूश होतात. घड्याळ कधी सुरू होतं ते बघा. ताबा मिळाल्या दिवसापासून सुरू होत असेल, तर डिस्ट्रिक्टच्या डिझाइन समितीकडे दर्शनी भागाचे नकाशे मंजूर होईपर्यंत दोन ते चार आठवडे असेच जातात. अशा भागांत बोर्डाची अक्षरं किती मोठी, काचेवर किती टक्के स्टिकर, छत्री कोणत्या रंगाची, सगळ्याला नियम असतो. मागणी अशी करा: मोजणी मंजुरीच्या तारखेपासून, किंवा वीजजोडणी मिळाल्यापासून, यातली जी नंतरची तिच्यापासून.

भाडेवाढीचं गणितही करून बघा. दरवर्षी ५ टक्के आणि दर तीन वर्षांनी १५ टक्के हे सारखंच वाटतं, पण नाही. मूळ वार्षिक भाडं १०० धरलं तर नऊ वर्षांत पहिल्यात १,१०३ भरता आणि दुसऱ्यात १,०४२. फरक सुरुवातीच्या दराने सात महिन्यांच्या भाड्याहून जास्त.

---

तिरकस

झोन ए चं गणित ठीक आहे, पण ते हॅण्डबॅग विकणाऱ्याला. सोफा विकणाऱ्याला लावू नका. डिझाइन डिस्ट्रिक्टमध्ये दोन जातीचे धंदे असतात. एक रस्त्यावरच्या वर्दळीवर जगणारा आणि दुसरा आर्किटेक्ट-इंटिरियरवाल्यांच्या अपॉइंटमेंटवर. शिकागोचं मर्चंडाइज मार्ट १९३० साली उघडलं. तिथल्या डिझाइन शोरूम पिढ्यान् पिढ्या मुख्यतः व्यावसायिकांसाठीच चालल्या, त्याही वरच्या मजल्यांवर. टाइल्स, फॅब्रिक, वॉलपेपर, किचन असल्या मालाला दुसऱ्या मजल्यावरचा खोल गाळा चालतो. तिथे वाचलेलं भाडं सॅम्पल लायब्ररी आणि मीटिंग टेबलवर घाला.

वरचा मजला घेताना मात्र लिफ्ट मोजा. ६३० किलोच्या, आठ माणसांच्या लिफ्टची केबिन साधारण १.१ × १.४ मीटर असते आणि दाराची उंची २ ते २.१ मीटर. २.४ मीटरची टेबलाची फळी किंवा दगडाची स्लॅब त्यात जात नाही. सर्व्हिस लिफ्ट नसेल तर जिन्याचं वळण मोजा. तेही नडत असेल तर दर्शनी काचेचा एक भाग उघडता ठेवून क्रेनने माल घ्यावा लागतो आणि दर वेळी रस्ता अडवायची परवानगी काढावी लागते.

---

गुण्या

@तिरकस, मान्य. झोन ए हे चालत येणाऱ्या गिऱ्हाइकाचंच माप आहे. अपॉइंटमेंटवाल्याने दर्शनी काचेपेक्षा लिफ्ट, पार्किंग आणि माल उतरवायची जागा बघावी.

---

लक्समीटर

काचेचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तिथे येतो. दिवसा शोकेस दिसतच नाही. दिसते ती समोरची इमारत आणि बघणाऱ्याचा स्वतःचा चेहरा.

कारण असं: साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून साधारण ४ टक्के उजेड परततो, म्हणजे दोन्ही मिळून ८. समोर फिक्या रंगाची भिंत आहे, तिच्यावर ६०,००० लक्सचं (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) ऊन पडतंय आणि ती निम्मा उजेड परतवते असं धरा. तिची चकाकी ६०,००० × ०.५ ÷ ३.१४, म्हणजे सुमारे ९,५०० कॅन्डेला प्रति चौ. मी. त्याचे ८ टक्के म्हणजे ७६०. हे तुमच्या काचेवरचं प्रतिबिंब.

आता आत क्रीम रंगाची खुर्ची, परावर्तन ०.६, तिच्यावर १,५०० लक्स. हा उजेड कमी नव्हे. १,५०० × ०.६ ÷ ३.१४ = २८६. काचेतून बाहेर येताना ०.८८ ने गुणा: २५०. प्रतिबिंब ७६०, खुर्ची २५०. खुर्ची हरली. बरोबरी साधायलाच ४,५०० लक्स लागतील आणि तेवढ्या दिव्यांच्या उष्णतेने शोकेसची भट्टी होईल.

तीच समोरची भिंत सावलीत असेल, १०,००० लक्स, तर प्रतिबिंब १२७ वर येतं आणि खुर्ची दुपटीने जिंकते. म्हणून गाळा बघायला संध्याकाळी जाऊ नका. दुपारी बारा आणि चार वाजता समोरच्या फुटपाथवर उभं राहून फोटो काढा. *समोर* काय आहे ते आपल्या गाळ्याइतकंच महत्त्वाचं. समोर गर्द झाड असेल तर नशीब समजा.

उपाय आहेत. अँटी-रिफ्लेक्टिव्ह लेपाची काच प्रतिबिंब एक-दीड टक्क्यावर आणते. महाग असते, म्हणून डोळ्याच्या उंचीवरच्या मुख्य पॅनेललाच वापरा. काचेचा वरचा काठ रस्त्याकडे थोडा झुकवला की समोरच्या इमारतीऐवजी फुटपाथचं प्रतिबिंब पडतं आणि फुटपाथ तुलनेने काळपट असतो. शोकेसची मागची भिंत फिकी ठेवा. डिझायनरांची लाडकी कोळशी करडी भिंत काचेमागे आली की आरसा तयार होतो, कारण प्रतिबिंब गडद पार्श्वभूमीवरच उठून दिसतं.

---

पाटी_कोरी

मग काचेला काळी फिल्म लावली तर? ऊनही कमी येईल.

---

लक्समीटर

उलटा परिणाम. निम्मं प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठावरून येतं, ते फिल्मने कमी होत नाही. फिल्म कमी करते तो आतून बाहेर येणारा उजेड. वरच्या हिशेबात २५० चे १०० होतील, ७६० मात्र निम्म्याच्या खाली येणार नाहीत.

दिव्यांचं थोडक्यात. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० च्या वर हवा आणि लाल रंगाचा आर९ वेगळा विचारा, नाहीतर लाकूड आणि चामडं मेलेलं दिसतं. बीम अँगलनुसार, म्हणजे झोताच्या कोनानुसार, उजेडाचा गोल किती पडेल ते आधी काढा. अडीच मीटर अंतरावर १५ अंशांचा ६५ सेंमी, २४ अंशांचा १ मीटर, ३६ अंशांचा १.६ मीटर. फुलदाणीला ३६ चा लावला तर उजेड टेबलावर सांडतो. विकत घेताना वॉट नव्हे, कॅन्डेला, म्हणजे झोताची तीव्रता विचारा: अडीच मीटरवर १,५०० लक्स हवे तर १,५०० × २.५ × २.५, म्हणजे जवळपास ९,४०० कॅन्डेला. दिवा उभ्या रेषेपासून ३० अंशांवर रोखा. त्याहून आडवा केला की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. आणि रात्री शोकेसचा उजेड ३० टक्क्यांवर आणणारा टायमर बसवा. अंधारात तेवढा पुरतो.

---

ओळंबा

काच बसवण्यावर लिहितो. सगळ्यात जास्त उशीर इथेच होतो.

टफन्ड काच, म्हणजे तापवून कणखर केलेली, एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, काठ घासता येत नाही. माप ५ मिमी चुकलं की काच भंगारात आणि नवी यायला पुन्हा पूर्ण मुदत. तरी लोक फ्लोअरिंग होण्याआधी माप देतात, वर ठरवल्यापेक्षा जाड दगड बसतो आणि काच खाचेत उतरत नाही. क्रम असा हवा: फ्लोअरिंगची अंतिम पातळी, मग काच बसायची वरची-खालची चॅनेल पक्की, मग माप. रुंदी तीन उंचींवर, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण. सर्वांत लहान आकडा धरून त्यातून मोकळीक वजा करा. काच येईपर्यंत समोर प्लायचं होर्डिंग राहणार, तेव्हा त्यावर नाव-तारीख छापून घ्या, जागा फुकट घालवू नका.

वजन: काच दर मिमी जाडीला चौ. मीटरमागे अडीच किलो. २.४ × ३ मीटरचं १२ मिमीचं पॅनेल २१६ किलो. ८+८ लॅमिनेटेड (८ मिमीच्या दोन काचा मधल्या थराने चिकटवलेल्या) घेतलं तर ३०० च्या आसपास. आठ माणसं किंवा सक्शन कपांची यारी, आणि रस्त्यापासून गाळ्यापर्यंत वाटेत पायरी नको.

फुटपाथलगत नुसती टफन्ड नको, लॅमिनेटेडच घ्या. टफन्डमध्ये निकेल सल्फाइडचा कण राहिला असेल तर ती महिन्या-वर्षांनी कुणी हात न लावता फुटते आणि सगळी खाली सांडते. लॅमिनेटेडमध्ये मधला पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर तुकडे धरून ठेवतो. टफन्ड वापरायचीच असेल तर हीट सोक केलेली मागा: भट्टीत पुन्हा तापवून दोषी काचा तिथेच फोडून टाकतात.

लॅमिनेटेडचा शत्रू पाणी. खालच्या चॅनेलला निचऱ्याची भोकं नसतील तर काठ पाण्यात भिजत राहतो आणि वर्षभरात कडेने दुधाळ पट्टा चढतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही पीव्हीबीचा काठ खराब करतं, म्हणून न्यूट्रल क्युअरचंच घ्या. दगडाला लागून असेल तर डाग न पाडणारं, नाहीतर संगमरवरावर तेलकट रेघ उमटते आणि ती निघत नाही. काचेखालचे ठोकळे रुंदीच्या पाव अंतरावर दोन, रबराचे किंवा प्लास्टिकचे. प्लायचे तुकडे सरकवून देणारा कारागीर दिसला तर तिथेच थांबवा.

स्वच्छ मोठी काच लोकांना दिसत नाही, डोकं आपटतं. ८५ ते १०० सेंमी आणि १४० ते १६० सेंमी उंचीवर ठिपके किंवा रेघ हवीच.

---

सुतळी

कापड आणि गालिचेवाल्यांसाठी दोन गोष्टी.

पीव्हीबी असलेली काच जवळपास सगळे अतिनील किरण अडवते, म्हणून रंग उडणार नाही असं विक्रेता सांगतो. अर्धंच खरं आहे. दृश्य उजेड आणि उष्णताही रंग उडवतात, रेशीम आणि वनस्पतींपासून केलेले रंग तर सर्वांत आधी. शोकेसमधला तागा दर तीन आठवड्यांनी बदलायचा आणि घडी उलटी करून ठेवायचा. उडालेला रंग आधी घडीच्या रेषेवर कळतो.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. डिझाइन डिस्ट्रिक्टमध्ये दर चार गाळ्यांमागे एक कॅफे असतोच. त्याच्या स्वयंपाकघराचा धूर कुठून बाहेर जातो ते बघा. सामाईक फॉल्स सिलिंगच्या पोकळीतून किंवा मागच्या गल्लीत तुमच्या ताज्या हवेच्या जाळीशेजारी सुटत असेल, तर लोकरीचा माल महिन्याभरात कॉफी-कांद्याचा वास धरतो. धुतल्यावरही पूर्ण जात नाही. दोन गाळ्यांमधली भिंत वरच्या स्लॅबपर्यंत भिडलेली आहे का, ते टॉर्च घेऊन सिलिंगमध्ये डोकं घालून तपासा.

---

घुमट

आवाजाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. उघडं काँक्रीटचं छत, पॉलिश केलेली जमीन, काच. फोटोत देखणं, पण आत गिऱ्हाइकाला काही ऐकू येत नाही. १० × १० मीटर, साडेचार मीटर उंचीचा गाळा: घनफळ ४५०, छत-जमीन-भिंती मिळून ३८० चौ. मी. पृष्ठभाग. रिकाम्या कठीण पृष्ठांचं शोषण ०.०५ धरलं तर एकूण १९. घुमण्याचा काळ ०.१६१ × ४५० ÷ १९ = ३.८ सेकंद. माणसाला निवांत बोलायला १ सेकंदाच्या आसपास हवा. त्यासाठी शोषण ७२ पर्यंत न्यायचं, म्हणजे ५० मिमी जाडीचं चांगलं शोषक साहित्य साठ-पासष्ट चौ. मी. छताच्या दोन तृतीयांशाएवढं. काळे बॅफल (आवाज शोषणारे फलक) उभे टांगले तर दोन्ही बाजू कामाला येतात आणि पाइप-डक्ट झाकले जातात. गालिचे किंवा कपड्यांचं दुकान असेल तर माल स्वतःच बरंच शोषतो. सिरॅमिक, दिवे, नळ विकणाऱ्यांना मात्र हे करावंच लागतं.

बॅफल टांगताना स्प्रिंकलरच्या फवाऱ्याआड येऊ देऊ नका. मालाचे रॅकही स्प्रिंकलरच्या चकतीखाली ४५ सेंमी सोडूनच.

---

स्लॅबखाली

जमिनीची क्षमता. दुकानासाठी स्लॅब साधारण ४ ते ५ किलोन्यूटन प्रति चौ. मी. ला डिझाइन करतात, म्हणजे ४०० ते ५०० किलो. घर किंवा ऑफिसचं दुकान केलेलं असेल तर याच्या निम्मीच असू शकते. जुनी गोदामं बहुधा दणकट असतात, तरी नकाशे मागाच.

चूक होते ती फ्लोअरिंगमध्ये. जुन्या फरशीवर ५० मिमी कोबा म्हणजे चौ. मीटरमागे सुमारे १०० किलो, वर २० मिमी दगड म्हणजे ५४ किलो. माल यायच्या आधीच दीडशे किलो चढले. त्यावर २.४ × १ मीटरचा १०० मिमी जाड दगडी काउंटर: ६५० किलो, तोही चार पायांवर. आतून पोकळ करून दर्शनी २० मिमीचा दगड चिकटवला तर दिसायला तोच, वजन तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

पोटमाळ्याचा मोह सगळ्यांना होतो. खाली २.४ मीटर, सांगाडा पाव मीटर, वर २.२: पाच मीटरला जेमतेम कमी. वर एसीचा डक्ट धरला तर सव्वापाच हवेत. त्याहून कमी उंचीत केलेला पोटमाळा म्हणजे खाली गुहा आणि वर गरम हवेची पेटी. परवानगी वेगळी लागते आणि चटईक्षेत्रात धरला जाण्याची शक्यता असते. मालक 'आधीच्याने केला होता' म्हणाला तर मंजूर नकाशात तो आहे का तेवढं विचारा.

---

बारीक_अक्षरं

कराराची दुसरी फेरी.

भाड्याऐवजी किंवा भाड्यावर विक्रीचा टक्का मागत असतील तर उंबरठा काढा: मूळ भाडं भागिले टक्का. वर्षाला भाडं १०० आणि टक्का ८ असेल तर १०० ÷ ०.०८ = १,२५०. त्यापुढच्या विक्रीवरच ८ टक्के लागायला हवेत. मग 'विक्री' म्हणजे काय ते लिहून घ्या. दुकानात पसंत केलेला आणि कारखान्यातून बिल झालेला सोफा? ऑनलाइन ऑर्डर? परत आलेला माल? इंटिरियरवाल्याचं कमिशन वजा होणार का? फर्निचरच्या धंद्यात भांडणं इथेच होतात.

डिस्ट्रिक्टचा स्वभाव बदलतो हेही धरून चाला. मायामीचा भाग आधी फर्निचर शोरूमचा होता. नंतर विकासकाने एकगठ्ठा इमारती घेतल्या आणि मोठे फॅशन ब्रँड आले. शेजारी बदलले की कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी भाड्याचा पायाही बदलतो. म्हणून नूतनीकरणाचा हक्क आणि तेव्हाचं भाडं ठरवायची पद्धत आजच लिहा. मुख्य शेजारी दुकान सोडून गेलं तर भाडं कमी, अशी अटही घालून बघा. मिळेलच असं नाही.

आणि शेवटचं पान वाचा. 'मूळ स्थितीत परत' म्हणजे नक्की काय? ताब्याच्या दिवशीचे फोटो, तारखेसह, दोघांच्या सह्यांनी जोडले नाहीत तर तुम्ही न केलेला पोटमाळाही तुम्हालाच पाडून द्यावा लागतो.

---

पाटी_कोरी

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवतोय. शेवटचा प्रश्न: दाराला फ्लोअर स्प्रिंग (दार आपोआप बंद करणारी, जमिनीत बसणारी यंत्रणा) बसवायचं आहे, पण मालक जमीन फोडू देत नाही. अडेलतट्टूपणा आहे की काही कारण असतं?

---

ओळंबा

कारण असू शकतं. फ्लोअर स्प्रिंगची पेटी जमिनीत ५०-६० मिमी खोल जाते. स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड असेल तर आतली ताणलेली केबल कापली जाऊ शकते, मग प्रकरण दारापुरतं राहत नाही. तसल्या स्लॅबमध्ये रडारने स्कॅन केल्याशिवाय कोअर कटिंगही (यंत्राने गोल भोक पाडणं) करायचं नसतं.

तुमच्यासाठी हायड्रॉलिक पॅच फिटिंग घ्या. क्लोजर दाराच्या खालच्या पट्टीतच असतो, जमिनीत फक्त पिव्होटची पट्टी. ०.९ × २.४ मीटरचं १२ मिमीचं दार ६५ किलो भरतं, तेव्हा फिटिंगची वजनक्षमता ८० च्या वरची बघा.

उंबरठ्याला १५० मिमीची पायरी असेल तर १:१२ चा उतार १.८ मीटर लांब होतो आणि वर दीड मीटर सपाट जागा लागते. ती जागा कुणाच्या हद्दीत येते, ते आधी विचारून घ्या.